मराठी निवडलं तरी मराठी येत नाही: भाषा आणि प्रदेशाच्या कोडची दुरुस्ती

फेब्रुवारी उजाडला की माझा फोन वाजू लागतो. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, आणि ते तर आमच्या नाशिकचेच. मग कुठल्या तरी पतसंस्थेला, दवाखान्याला किंवा पॅकहाऊसला आठवतं की आपलं सॉफ्टवेअर अजून इंग्रजीत आहे. घाईघाईत भाषांतर होतं, ‘मराठी’ असं बटण बसतं, त्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. मार्चमध्ये त्याच माणसाचा दुसरा फोन येतो: "भाऊ, मराठी केल्यापासून काहीतरी बिघडलंय."

तो दुसरा फोन मी इतक्यांदा घेतलाय की आता बोलता बोलताच निम्मं निदान होतं. दोष भाषांतरात क्वचितच असतो. कुणीतरी आठवणीतून टाकलेला भाषेचा किंवा देशाचा दोन अक्षरी कोड घोळ घालतो, नाहीतर बरोबर असलेला कोड चुकीच्या रकान्यात जाऊन बसलेला असतो.

कोड मी इथे बोलतो तसे लिहिलेत. ‘एमआर’ म्हणजे रोमन एम आणि आर ही अक्षरं. तुमच्या फाइलमध्ये ती रोमनमध्येच असतील.

आधी लक्षणं. तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते ठरवा, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या सगळ्यांना लागत नाहीत.

– मराठी निवडलं तरी पान इंग्रजीत येतं. कधी एका फोनवर मराठी, दुसऱ्यावर इंग्रजी.
– मजकूर मराठीच आहे, पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात.
– आकडे देवनागरी झाले आणि तेव्हापासून बेरीज चुकते, फॉर्म पुढे जात नाही किंवा फाइल समोरच्याला उघडत नाही.
– तारखेत दिवस आणि महिना अदलाबदल होतात.
– एखाद्या परदेशी ग्राहकाला भलत्याच भाषेतला ईमेल जातो.
– देशांच्या यादीतून नॉर्वे किंवा नामिबिया गायब होतो.
– नावांच्या यादीत ‘काळे’ नको तिथे येतात.
– एकदा दुरुस्त केलेलं पुढच्या अपडेटला परत बिघडतं.

पहिली तपासणी: समोरच्याचा फोन खरंच मराठीत आहे का

फुकट आहे, दोन मिनिटं लागतात, आणि माझ्याकडच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. कीबोर्ड मराठी असणं आणि फोनची भाषा मराठी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नाशिकमध्ये मी पाहतो ते बहुतेक फोन इंग्रजीत असतात, व्हॉट्सॲपवर मराठी टाइप करायला फक्त कीबोर्ड जोडलेला असतो. ॲपने फोनला भाषा विचारली तर फोन प्रामाणिकपणे ‘इंग्रजी, भारत’ असंच सांगणार.

ब्राउझरचंही तेच. तो प्रत्येक विनंतीबरोबर भाषांची एक यादी पाठवतो, पसंतीच्या क्रमाने. ब्राउझरच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी वर आहे का, मुळात आहे का, ते बघा. मग तोच पत्ता दुसऱ्या फोनवर उघडा. तिथे मराठी आलं तर प्रोग्रामला हात लावायचं कारण नाही.

‘आधी सेटिंग बघा’ म्हटलं की लोकांना आपण टाळतोय असं वाटतं. गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात मी डॉक्टरांचा सगळा सर्व्हर तपासून झाल्यावर स्वागतकक्षातल्या ताईंचा ब्राउझर उघडला होता. तेव्हापासून क्रम बदललेला नाही.

दुसरी तपासणी: कोड एकेक अक्षर करून मोठ्याने वाचा

हसू नका, मोठ्याने वाचल्यावरच चूक सापडते. भाषेच्या कोडची यादी एक, देशांच्या कोडची यादी दुसरी. दोन्हींत दोन अक्षरी कोड आहेत, पण त्यांचं एकमेकांशी नातं नाही. भाषांची यादी आयएसओ ६३९, देशांची आयएसओ ३१६६.

मराठी भाषा म्हणजे एमआर. तीन अक्षरी यादीत ती एमएआर. देशांच्या यादीत मात्र एमआर म्हणजे मॉरिटानिया, पश्चिम आफ्रिकेतला देश. काहीजण अंदाजाने मराठीला ‘एमए’ लावतात. भाषांच्या यादीत असा कोडच नाही, आणि देशांत तो मोरोक्कोचा.

यापेक्षा जास्त भेटणारी चूक म्हणजे ‘एमआर-एमएच’. लिहिणाऱ्याच्या मनात असतं मराठी, महाराष्ट्र. गाडीच्या नंबरप्लेटवर एमएच बघत मोठे झालेलो आपण, हात आपोआप तिकडे जातो. पण त्या जागी देश लागतो, राज्य नाही, आणि देशांच्या यादीत एमएच म्हणजे मार्शल बेटं. त्या कोडचा अर्थ होतो: पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवर बोलली जाते तशी मराठी. संगणक याला आक्षेप घेत नाही, मुकाट मान्य करतो. मग रुपया, आठवड्याचा पहिला दिवस, पत्त्याची मांडणी असं देशावरून ठरणारं जे काही असेल ते गडबडतं. बरोबर कोड ‘एमआर-आयएन’. राज्य सांगायचंच असेल तर ‘आयएन-एमएच’ हा राज्याचा वेगळा कोड आहे, आणि तो पत्त्याच्या रकान्यात राहतो.

आता आयएन. देश म्हणून तो भारत. भाषा म्हणून तो एकेकाळी इंडोनेशियन होता. १९८९ मध्ये इंडोनेशियनला ‘आयडी’ हा कोड मिळाला, पण जुना कोड मेला नाही. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा कितीतरी वर्षं आतल्या आत आयडीचं आयएन करत राहिली, हे वागणं जावा १७ मध्ये बदललं. अँड्रॉइडच्या फोल्डरांत इंडोनेशियनसाठी जुना कोड अजून चालतो. एका पोराने ‘भारतासाठी’ म्हणून व्हॅल्यूज-आयएन असं फोल्डर करून त्यात सगळी मराठी वाक्यं टाकली होती. ॲप फक्त निफाड तालुक्यात वापरात होतं म्हणून बरं. जकार्तात कुणी उघडलं असतं तर त्याला "लॉटचे वजन भरा" असं दिसलं असतं, आणि निफाडकरांना मात्र इंग्रजीच दिसत होतं.

देशाचा कोड भाषेच्या जागी: निर्यातवाल्यांनी हे जरा सावकाश वाचा

हा दोष मी सर्वांत जास्त वेळा काढलाय आणि तो सर्वांत उशिरा सापडतो.

होतं असं. खरेदीदाराच्या नोंदीत देशाचा कोड असतोच. त्याला ईमेल कुठल्या भाषेत पाठवायचा हे ठरवताना डेव्हलपर तोच कोड लहान अक्षरांत करून भाषेच्या जागी देतो. चाचणी नेदरलँड्सवर होते, कारण नाशिकच्या द्राक्षांचा मोठा रस्ता तिकडेच जातो. देश एनएल, डच भाषाही एनएल. छान चाललं. मग जर्मनी: देश डीई, भाषा डीई. तेही चाललं. अख्खा द्राक्षहंगाम निघून जातो, कुणालाच काही कळत नाही.

हंगाम संपल्यावर तीच कंपनी कांद्याकडे वळते. मलेशियाचा देशकोड एमवाय. भाषांच्या यादीत एमवाय म्हणजे बर्मी! मलय भाषेचा कोड एमएस. सौदी अरेबियाचा एसए, आणि भाषांत एसए म्हणजे संस्कृत. संयुक्त अरब अमिरातीचा एई, जो भाषांत अवेस्तन आहे, पारशांच्या धर्मग्रंथांची प्राचीन भाषा. आता दुबईच्या कांदा व्यापाऱ्याला अवेस्तनमध्ये कोटेशन पाठवणारं सॉफ्टवेअर जगात दुसरं नसेल. प्रत्यक्षात अवेस्तनची फाइल नसते, म्हणून त्याला इंग्रजी जातं, आणि सगळे समजतात की अरबी भाषांतर ‘लोड होत नाहीये’. मग अरबीची फाइल चार वेळा तपासली जाते. तिच्यात काहीच चूक नसते.

तपासायला सोपं आहे: देश आणि भाषा यांचे कोड जिथे जुळत नाहीत असे तीन खरेदीदार घ्या. मलेशिया, सौदी, स्वीडन. स्वीडनचा देश एसई, स्वीडिश भाषा एसव्ही, आणि भाषांत एसई म्हणजे उत्तर सामी. तिन्ही बरोबर चालले तर हा दोष तुमच्याकडे नाही. नेदरलँड्स आणि जर्मनीवर घेतलेली चाचणी या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

यावर उपाय कोडने नाही, रकान्याने होतो. खरेदीदाराची भाषा हा वेगळा रकाना हवा आणि तो त्याला विचारून भरलेला हवा. देशावरून भाषा ओळखता येत नाही, हे भारतात राहणाऱ्या माणसाला मी काय सांगायचं.

जाता जाता: युनायटेड किंग्डमचा अधिकृत कोड जीबी आहे, यूके नाही. यूके हा राखीव कोड. काही लायब्ररी (तयार प्रोग्रामचे संच) तो समजून घेतात, काही घेत नाहीत.

तिसरी तपासणी: आडवी रेघ वर की खाली

वेबवर आणि आधुनिक मानकात (बीसीपी ४७) मधे साधी रेघ येते: एमआर-आयएन. लिनक्सच्या दुनियेत खालची रेघ: एमआर_आयएन. अँड्रॉइडच्या फोल्डरांत तिसरीच तऱ्हा, देशाच्या आधी एक ‘आर’: एमआर-आरआयएन. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टला खालच्या रेघेचा कोड दिला तर ते थेट एरर फेकतं, आणि पान अर्धवट राहतं. बाकी काही ठिकाणी एरर येत नाही, नुसतं गुपचूप इंग्रजी येतं. ते जास्त वाईट.

अक्षरं लहान की मोठी याने मानकानुसार फरक पडत नाही. पण तुमच्या प्रोग्रामने थेट तुलना केली असेल तर पडतो. फाइलचं नाव लहान अक्षरांत, विनंती मोठ्या: विंडोजच्या लॅपटॉपवर चालतं, लिनक्सच्या सर्व्हरवर चालत नाही. "माझ्या मशीनवर तर चालतंय" या वाक्यामागे अनेकदा हेच निघतं.

चौथी तपासणी: पानाने आपली भाषा कोणती सांगितली आहे

एचटीएमएलच्या सुरुवातीलाच भाषेचा कोड असतो. मजकूर मराठी आणि तिथे ‘ईएन’ (इंग्रजी) किंवा ‘एचआय’ (हिंदी) असं सर्रास सापडतं, कारण साचा कुठून तरी उचललेला असतो. देवनागरी एकच असली तरी मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. नोटो सान्स देवनागरीसारख्या चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि कोणतं काढायचं ते फॉन्ट या कोडवरून ठरवतो. कोड एमआर करा, पान परत उघडा. एका शब्दाचं काम आहे. फॉन्टमध्ये मराठी वळण नसेलच तर फॉन्ट बदला.

चष्म्याशिवाय वाचणारे आजोबाही हा फरक ओळखतात. काय खटकतंय ते त्यांना सांगता येत नाही इतकंच.

पाचवी तपासणी: आकडे

युनिकोडचा सीएलडीआर नावाचा एक मोठा साठा आहे. कुठल्या भाषेत तारीख कशी, आकडे कसे, हजार-लाखांचे स्वल्पविराम कुठे, हे सगळं त्यात असतं, आणि ब्राउझर, अँड्रॉइड, जावा हे सगळे त्यातूनच घेतात. या साठ्यात मराठीचे डीफॉल्ट आकडे देवनागरी आहेत. हिंदीचे मात्र इंग्रजी आकडे. म्हणजे दिल्लीतल्या टीमने हिंदीवर सगळं तपासून ‘भारतीय भाषा झाल्या’ असं कळवलं, तरी मराठीचा प्रश्न त्यांना दिसणारच नाही.

वाचायला १२,३४,५६७ उत्तमच. पण हा आकडा परत प्रोग्राममध्ये गेला की गंमत सुरू होते. जावास्क्रिप्टला देवनागरी आकड्यांचा अंक करता येत नाही, ते ‘हा अंक नाही’ म्हणून मोकळं होतं. पायथन आणि जावा या भाषा मात्र, स्वल्पविराम काढून दिले तर, तोच आकडा विनातक्रार वाचतात. त्यामुळे सर्व्हरवर चाचणी पास, पडद्यावर बेरीज गायब. दोन डेव्हलपर एकमेकांवर ढकलत बसतात आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

अँड्रॉइडवर याची आणखी एक वाट आहे. स्ट्रिंग-फॉरमॅट या आज्ञेने आकडा बनवला आणि लोकेल (एमआर-आयएनसारखी भाषा-देशाची जोडी) सांगितलं नाही, तर फोनचं लोकेल लागतं. फोन मराठीत असला की तोच देवनागरी आकडा डेटाबेसच्या क्वेरीत, पत्त्याच्या दुव्यात किंवा बारकोडच्या मजकुरात जातो. पिंपळगावकडच्या एका पॅकहाऊसमध्ये एकाच सुपरवायझरच्या पेट्यांची लेबलं स्कॅन होत नव्हती. प्रिंटर बदलला, रिबन बदलली, त्या बिचाऱ्याला दोनदा बोलणी बसली. अख्ख्या शेडमध्ये फोन मराठीत ठेवणारा तो एकटाच होता.

नियम सोपा ठेवा. माणसाला दाखवायचा आकडा मराठी लोकेलने बनवा. यंत्राला द्यायचा आकडा कायम तटस्थ लोकेलने, जावात त्याला रूट म्हणतात. दोन्ही कामांना एकच आकडा वापरू नका. पडद्यावरही मराठी मजकूर आणि इंग्रजी आकडे हवे असतील (बँकेचे लोक बहुधा असंच मागतात), तर कोडला शेपूट जोडता येतं: एमआर-आयएन-यू-एनयू-लॅटन (‘लॅटन’ म्हणजे एलएटीएन). लाखांचे स्वल्पविराम तसेच राहतात, आकडे बदलतात.

उलट बाजूही बघा. फॉर्ममध्ये ग्राहकाने मराठी कीबोर्डने पिनकोड ४२२००१ असा भरला तर तुमची तपासणी त्याला ‘चुकीचा पिनकोड’ म्हणते का? म्हणत असेल तर घेताना आकडे बदलून घ्या. चूक ग्राहकाची नाही, त्याने तर तुमचंच मराठी बटण दाबलं होतं.

तारखेचं थोडक्यात. नुसता ‘ईएन’ लिहिला आणि देश दिला नाही, तर बहुतेक यंत्रणा अमेरिका धरतात आणि महिना आधी येतो. ०२/०३ ही काढणीची तारीख २ मार्च की ३ फेब्रुवारी, यावरून माल तपासणीला अडकू शकतो. भारतातल्या इंग्रजीसाठी ईएन-आयएन लिहा. कागदपत्रांत महिना अक्षरांत छापलेला सर्वांत बरा.

सहावी तपासणी: एक पायरी खाली उतरता येतं का

ब्राउझरने एमआर-आयएन मागितलं आणि तुमच्याकडे नुसती एमआर फाइल असेल, तर ती मिळायला हवी. चांगली लायब्ररी मागून एकेक तुकडा कमी करत शोधते. हाताने लिहिलेली तपासणी ‘तंतोतंत जुळलं नाही, चला इंग्रजी’ असं करते. एका फोनवर मराठी आणि दुसऱ्यावर इंग्रजी हे लक्षण पहिल्या तपासणीत मिटलं नसेल, तर ते बहुधा इथलं असतं. मराठीच्या फाइलला नुसतं एमआर नाव द्या. देशानुसार वेगळं काही असेल तेवढंच एमआर-आयएनमध्ये ठेवा.

कोड रेघेवर तोडून ‘दुसरा तुकडा म्हणजे देश’ असं धरलं असेल तर तेही इथेच सापडेल. मधे लिपीही येऊ शकते: एमआर-देवा-आयएन, यातला ‘देवा’ म्हणजे देवनागरी. मोडीलाही लिपीचा कोड आहे, आणि २०१४ पासून ती युनिकोडमध्ये आहे. मराठीला देवनागरी गृहीतच असते, म्हणून लिपी लिहू नये असा संकेत आहे, पण समोरचं यंत्र संकेत पाळेलच असं नाही. कोड हाताने तोडू नका. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत ते काम करणारी तयार लायब्ररी आहे.

सटाण्याच्या एका गटाला शेतकऱ्यांना जाणारे निरोप अहिराणीत हवे होते. अहिराणीला स्वतःचा कोड आहे, तीन अक्षरी एएचआर. काही वाक्यांचं भाषांतर राहिलं होतं, आणि त्या जागी इंग्रजी वाक्यं जाऊ लागली. तुकडे कमी करत गेलं तर एएचआरच्या खाली थेट डीफॉल्टच आहे, मराठी वाटेत लागत नाही. ‘अहिराणी नसेल तर मराठी’ हे यंत्रणेला वेगळं सांगावं लागतं. बागलाणात हे कुणालाही न सांगता कळतं, सर्व्हरला कळत नाही.

सातवी तपासणी: रकान्याची रुंदी, आणि खिशातली नोट

इथपर्यंत फायली बघत होतो, आता डेटाबेस. आधी बॅकअप घ्या. बॅकअप कसा घ्यायचा हे माहीत नसेल तर सरळ शेवटच्या भागाकडे जा.

भाषेचा रकाना दोन अक्षरांचा असेल तर तो आज ना उद्या फसवणार. कोंकणीला दोन अक्षरी कोड नाही, तिचा कोड केओके. काही डेटाबेस जास्तीचं अक्षर नाकारतात, काही मुकाट कापतात. केओके कापला की उरतो केओ, म्हणजे कोरियन. पाच अक्षरांचा रकानाही पुरत नाही, कारण केओके-आयएन सहा अक्षरांचा. आरएफसी ५६४६ (भाषेच्या कोडचं इंटरनेट मानक) म्हणते की ३५ अक्षरांपर्यंतची जागा ठेवा. ठेवा की, जागेला आता काय पैसे पडतात.

चाचणीसाठी मी खिशातली नोट काढतो. नाशिक रोडला नोटा छापल्या जातात, तेव्हा घरचीच वस्तू. नोटेवरच्या भाषांच्या पट्ट्यात १५ भाषा आहेत आणि मुद्दाम रचल्यासारखी ती यादी प्रत्येक खोड उघडी पाडते. कोंकणी तीन अक्षरी. उर्दू आणि काश्मिरी उजवीकडून डावीकडे. ओडियाचा कोड ‘ओआर’ आणि असमियाचा ‘एएस’, हे दोन्ही एसक्यूएल आणि पायथनचे राखीव शब्द. कुणी भाषेच्या कोडवरून स्तंभाला किंवा चलाला नाव दिलं असेल तर प्रोग्राम तिथेच अडतो. पंजाबी पीए, कन्नड केएन, मल्याळम एमएल: देशांच्या यादीत हेच पनामा, सेंट किट्स आणि नेव्हिस, माली. पंधराही भाषा एकदा साठवून परत वाचून बघा. चहा निवायच्या आत होतं.

नॉर्वे आणि नामिबियाचं कारण इथेच सांगतो. नॉर्वेचा कोड एनओ. यॅमल या सेटिंगच्या फाइलच्या जुन्या नियमांनुसार अवतरणचिन्हाशिवाय लिहिलेला ‘नो’ म्हणजे ‘खोटं’. नामिबियाचा एनए, तो पायथनच्या पांडाज लायब्ररीला ‘माहिती नाही’ असा वाटतो आणि रकाना रिकामा होतो. यॅमलमध्ये कोडभोवती अवतरणचिन्हं द्या, पांडाजला डीफॉल्ट रिकाम्या खुणा न धरण्याची सूचना द्या.

आठवी तपासणी: सर्व्हरकडे मराठीची माहिती आहे का

अपडेटनंतर परत बिघडतं ते बहुतेक यामुळे. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १३ च्या आधीच्या तयार आवृत्त्यांत फक्त इंग्रजीची माहिती असे. मराठी लोकेल मागितलं तरी एरर न देता इंग्रजी मांडणी यायची. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या अल्पाइन कंटेनरमध्ये (छोट्या लिनक्सच्या तयार पेटीत) भाषांची माहिती डीफॉल्टने बंद असते. जावा ८ वरून ९ वर गेलं की माहितीचा साठाच बदलतो, सीएलडीआर येतो, आणि काल इंग्रजी असलेले आकडे आज देवनागरी होऊ शकतात. पाचव्या तपासणीतला नियम पाळला असेल तर या बदलाने तुमचं काही बिघडत नाही.

सर्व्हरवर एक ओळ चालवा: एक मोठा आकडा एमआर-आयएनने छापा. देवनागरी आला तर माहिती आहे. इंग्रजी आला तर आवृत्ती किंवा कंटेनर बदलायला हवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

यादीचा क्रम. मराठी अक्षरमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, म्हणून आधी कासार, मग काळे. युनिकोडच्या क्रमांकात मात्र ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटून आहे, त्यामुळे काळे आधी येतात. डेटाबेसचा क्रमवारीचा नियम बदलला की हे सुटतं, पण तो चालत्या डेटाबेसवर स्वतः बदलू नका. मजकुरावरचे सगळे इंडेक्स (नोंद पटकन शोधायच्या सूची) त्या नियमावर उभे असतात. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत हे नियम बदलले, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केलेल्या अनेकांचे पोस्टग्रेस या डेटाबेसचे इंडेक्स चुकीची उत्तरं द्यायला लागले. नोंद असून सापडत नाही, ‘एकदाच’ म्हटलेलं खातं दोनदा उघडतं. पतसंस्थेत याचा अर्थ काय ते तुम्हीच बघा. हे डेटाबेसवाल्याचं काम. त्याला पैसे द्या, आणि काम बंद असताना करू द्या.

बिलं, कराचे आकडे किंवा निर्यातीची कागदपत्रं चुकीच्या तारखेने वा आकड्याने आधीच बाहेर गेली असतील, तर प्रोग्रामच्या आधी तुमच्या सीएला किंवा कस्टम्सचं काम बघणाऱ्याला फोन करा. मागच्या तारखेचा कागद नव्याने छापून बदलणं हा दुरुस्तीचा भाग नाही.

उजवीकडून डावीकडची भाषा पहिल्यांदा घेत असाल तरीही ती भाषा रोज वाचणारा माणूस लागतो. पानाची दिशा फिरवणं सोपं आहे, पण मधे आलेला फोन नंबर उलटा दिसतोय हे तुम्हाला-मला कळत नाही.

आणि रकान्याने कोड कापून साठवले असतील तर ‘सगळे केओ बदलून केओके करा’ ही एका ओळीची आज्ञा चालवू नका, कितीही मोह झाला तरी. मी चालवली आहे. वाइनरीच्या सहलींची नोंदणी होती, कोंकणी निवडणारे गोव्याचे पाहुणे, सगळ्यांना कोरियन भाषेत पावत्या गेलेल्या. मी एका झटक्यात सगळे बदलले आणि घरी आलो. आठवड्याने तिथल्या मॅडमचा फोन: एका पाहुण्याने लिहून विचारलंय की ही कोणती लिपी आहे. त्या यादीतला तो एक पाहुणा खरोखरच कोरियाचा होता.